जुनी डिस्क काढली आणि खरी गंमत सुरू झाली

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम नव्या डिस्कवर न्यायची म्हणजे ‘कॉपी करा, ग्रब (मशीन चालू होताना लिनक्स उठवणारा प्रोग्रॅम) टाका, झालं’ असं जो तो सांगतो. तेवढं होतंही. अडतं त्याच्या पुढे.

नाशिकला अंबडमध्ये दादाच्या वर्कशॉपमध्ये बिलांचा कॉम्प्युटर उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर, चालतो. ५०० जीबीची जुनी डिस्क कुरकुरायला लागली, म्हणून कॉलेज रोडवरून २५० जीबीची एसएसडी आणली. नवी लहान, त्यामुळे डीडी या कमांडने अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवणं बाद. जुनीवर ईएफआय (मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचं), रूट (मुख्य सिस्टिमचं), डेटा, स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा) अशी पार्टिशनं, म्हणजे डिस्कचे भाग, होती. नवीवर ईएफआय आणि एकच मोठं रूट केलं. लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून थेट लिनक्स चालतं) मशीन चालू करून आरसिंक या कमांडने फाइली कॉपी केल्या, सीएचरूटने नव्या डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून ग्रब टाकलं. मशीन मस्त सुरू झालं.

मग जुनी डिस्क काढली. स्क्रीनवर ‘स्टार्ट जॉब’ची, म्हणजे कशाची तरी वाट पाहतोय असं सांगणारी, एकच ओळ आणि शेजारी सेकंद पळताहेत, मर्यादा १ मिनिट ३० सेकंद. ती संपली की इमर्जन्सी मोड, म्हणजे दुरुस्तीसाठीची अवस्था. तिथे सांगतात, रूट अकाउंट (सगळे अधिकार असलेलं खातं) लॉक आहे, कन्सोल, म्हणजे कमांड द्यायची जागा, मिळणार नाही! उबुंटूत ते मुळातच लॉक असतं. म्हणजे दुरुस्तीच्या खोलीला कुलूप आणि किल्ली आत. मागून दादा: “झालं का रे? पार्टी बिलासाठी खोळंबलीय.”

कारण एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणती पार्टिशनं जोडायची याच्या यादीत. पार्टिशनं तिथे यूयूआयडीने, म्हणजे प्रत्येकाच्या वेगळ्या ओळख क्रमांकाने, लिहिलेली असतात आणि कॉपीबरोबर ती फाइलही जुने यूयूआयडी घेऊनच येते. जुनी डिस्क जोडलेली असेपर्यंत ते सापडतात, म्हणून सगळं ठीक वाटतं. तेव्हा चाचणी जुनी डिस्क काढूनच घ्या. पुन्हा पेनड्राइव्ह लावला, बीएलकेआयडी या कमांडने नवे यूयूआयडी पाहून भरले, डेटा आणि स्वॅपच्या ओळी उडवल्या, स्वॅपसाठी फाइल केली.

तरी सुरू होताना मशीन रेंगाळायचंच. इनिटरामएफएसच्या (सुरू होताना सगळ्यात आधी चढणाऱ्या छोट्या सिस्टिमच्या) सेटिंगमध्ये ‘रिझ्युम’ नावाची एक छोटी फाइल असते, तिच्यात जुन्या स्वॅपचा यूयूआयडी दडून बसलेला. तिथे ‘नन’ (none, म्हणजे काहीच नाही) लिहून इनिटरामएफएस पुन्हा बनवलं, तेव्हा कुठे मशीन झटकन उठलं. ही फाइल कुणी सांगत का नाही, देव जाणे.

हो, आरसिंकला कॅपिटल ए, एक्स, एच हे तिन्ही पर्याय लावा, नाहीतर एसीएल (फाइलींच्या जादा परवानग्या), जादा अ‍ॅट्रिब्यूट आणि हार्डलिंक (एकाच फाइलीची अनेक नावं) मागेच राहतात. आणि जुनी डिस्क लगेच पुसू नका. दादाला तीत पिक्चर भरायचेत. मी अजून हात लावू दिलेला नाही.