मधल्या पोकळीत काय असते?

“मॅडम, ही दोन हाडे एकमेकांना टेकतच नाहीत, मग हा माणूस उभा कसा राहतो?” पडद्यावर गुडघ्याचे त्रिमितीय मॉडेल फिरवत असताना एका विद्यार्थ्याने आज सहज विचारले आणि तो प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही.

मॉडेल सीटी स्कॅनवरून केलेले होते. सीटीमध्ये पाण्याला शून्य आणि हवेला उणे १००० धरून प्रत्येक बिंदूला त्याच्या घनतेनुसार आकडा मिळतो. ठरावीक आकड्याच्या वरचे बिंदू वेगळे काढले, की मांडीचे आणि नडगीचे हाड झटपट उभे राहते. मात्र त्यांच्यामधली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत, लवचीक आवरण), जी प्रत्यक्षात भार पेलते आणि जाडीला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर असते, साध्या सीटीत भोवतीच्या मऊ ऊतींपासून वेगळी ओळखू येत नाही. म्हणून तिच्या जागी पोकळी दिसते. एमआरआयमध्ये ती दिसते, पण तिची कड बऱ्याचदा एकेक काप पाहत हाताने आखावी लागते आणि दोन जाणकारांच्या रेषा तंतोतंत जुळतीलच असे नाही.

शिवाय स्कॅनच्या वेळी रुग्ण बहुधा आडवा असतो, म्हणजे सांध्यावर शरीराचा भारच नसतो. (मॉडेलचा पृष्ठभाग गुळगुळीत करताना हाडाच्या कडेवरची खरी वाढसुद्धा पुसली जाऊ शकते, ते वेगळेच.) तरीही ते रंगीत, फिरणारे चित्र पाहणाऱ्याला छायाचित्राइतके खरे वाटते.

मला वाटते, मॉडेलमधला कोणता भाग मोजलेला आणि कोणता गृहीत धरलेला, हे वेगळ्या रंगांत दाखवायला हवे. तुमच्यापैकी कोणी तसे करते का?