आसरा कुणाला द्यायचा हे परिपत्रकावर नको, कायद्यात लिहा

हल्ली आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सारखे मेसेज येतात, बांगलादेशी शोधा, हाकला, शेजारच्या साइटवरच्या सगळ्या कामगारांचे आधार तपासा. बॉर्डर सांभाळलीच पाहिजे, कोण आत येतंय ते सरकारला माहीत असलंच पाहिजे, त्यात मला वादच घालायचा नाही. पण समोरचा माणूस कामासाठी चोरून आलाय, व्हिसा संपला तरी राहिलाय, की परत गेला तर मारतील म्हणून पळून आलाय, हे ठरवणार कोण आणि कशाच्या आधारावर? आपल्याकडे ते ठरवायचा कायदाच नाहीये.

खरंच नाहीये. निर्वासितांसाठी १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात भारत नाही, पाकिस्तान नाही, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका कुणीच नाही, दक्षिण आशियातल्या सार्क देशांमधून एकटा अफगाणिस्तान २००५ साली त्यात आला. आफ्रिकेतल्या देशांनी १९६९ मध्ये आपापसात निर्वासितांसाठी करार केला, लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी १९८४ मध्ये जाहीरनामा केला, आणि फाळणी, १९७१, श्रीलंकेतलं युद्ध, अफगाणिस्तान एवढं सगळं बघून झालेल्या आपल्या भागात एक सामाईक कागद नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांसाठी नवीन कायदा लागू झाला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे असे चार जुने कायदे रद्द करून एक केला, ते चांगलंच झालं. पासपोर्ट-व्हिसा नसताना आलात तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हॉटेलने कळवायचं, कॉलेजने कळवायचं, हॉस्पिटलने कळवायचं, सगळं आहे त्यात. पण मला आसरा हवाय असं म्हणणाऱ्या माणसाने अर्ज कुठे करायचा, त्याचं कोण ऐकणार, याबद्दल काहीच नाही. सवलती आहेत त्या सरकारी आदेशाने. श्रीलंकेतले तमिळ ९ जानेवारी २०१५ पर्यंत आले असतील आणि त्यांची नोंद असेल तर शिक्षेतून सूट. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आले असतील तर सूट, नागरिकत्वासाठी मात्र सीएएची, म्हणजे नागरिकत्व दुरुस्ती कायद्याची, तारीख ३१ डिसेंबर २०१४. म्हणजे जीव वाचवून आलेल्या माणसाचं काय होणार हे तो कुठल्या देशातून आला, कुठल्या धर्माचा आणि कुठल्या तारखेच्या आत आला यावर ठरतं, त्याच्या जिवाला खरंच किती धोका आहे हे कुणी विचारतच नाही. म्यानमारच्या रोहिंग्या मुसलमानाला आणि तालिबानला नको असलेल्या अफगाण मुसलमान मुलीला या यादीत जागाच नाही.

पुण्यात राहून अफगाणांबद्दल बोलायचं नाही हे शक्यच नाही, इतकी मुलं इथे शिकून गेलीयेत. कोंढव्यात माझ्या मावशीचा फ्लॅट आहे, तिच्याकडे अफगाण विद्यार्थी भाड्याने राहायचे, त्यामुळे परदेशी भाडेकरूची माहिती द्यायचा सी-फॉर्म भरणं, पोलिसांकडे नोंदणी, व्हिसा एक्स्टेन्शन हे सगळं आमच्या घरात रोजच्या बोलण्यात असायचं. कोरोनात कॉलेज ऑनलाइन झाली तेव्हा बरीच मुलं घरी गेली. मग १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं आणि दहा दिवसांनी भारताने जाहीर केलं की जे अफगाण नागरिक आत्ता भारतात नाहीत त्यांना आधी दिलेले सगळे व्हिसा रद्द, आता फक्त ई-व्हिसावर या. तेव्हाच्या गोंधळात सुरक्षेची काळजी मला समजते. पण ज्यांची ॲडमिशन इथली, फी इथे भरलेली, सामान इथल्या खोलीत पडलेलं, ती मुलं एका आदेशाने बाहेर राहिली आणि अपील करायला दारच नव्हतं. जी इथे होती त्यांचं दुसरंच, डिग्री संपली की स्टुडंट व्हिसा संपला, म्हणून नको असलेल्या दुसऱ्या कोर्सला ॲडमिशन घ्यायची, परत फी भरायची, कारण भारतात राहायला तेवढा एकच कागद. डिसेंबर २०२२ मध्ये तालिबानने मुलींना युनिव्हर्सिटी बंद केली. इथे एमए झालेल्या मुलीने परत कुठे जायचं? मावशीकडच्या एका मुलीने हे विचारलं तेव्हा मावशी रडायलाच लागली.

आणि आपल्याला आसरा देता येत नाही असं कुणी म्हणू नये. कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडचे जवळपास ५ हजार लोक राहिले, त्यात बायका आणि मुलंच जास्त, १९४३ ते १९४८. ते गेले आणि त्याच जागेत फाळणीतले सिंधी आले, आजचं गांधीनगर ते. आपल्या पिंपरीचा कॅम्पही फाळणीतल्या सिंध्यांचाच. १९७१ ला पूर्व पाकिस्तानातून साधारण १ कोटी लोक आले, तेव्हा सगळ्या देशाने पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट लावून त्यांच्यासाठी पैसे दिले. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला तिबेटींची वसाहत अजून आहे. हे सगळं चांगलंच केलं, पण दरवेळी त्या वेळच्या सरकारच्या मनावर.

मन बदललं की काय होतं ते म्यानमारच्या बॉर्डरवर दिसतंय. तिथे दोन्हीकडे नातलग, म्हणून १६ किलोमीटरपर्यंत व्हिसाशिवाय येण्याजाण्याची सोय होती, फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ती बंद करणार म्हणून सांगितलं. पण २०२१ च्या लष्करी बंडानंतर म्यानमारमधून आलेल्या चिन जमातीच्या लोकांना मिझोरामने ठेवून घेतलं होतं, केंद्र परत पाठवा म्हणत असतानाही. एकाच देशात दोन धोरणं, आणि मधे ती माणसं.

कायदा नसल्याचा त्रास आपल्याच नागरिकांनाही होतो हे ग्रुपवरच्यांना दिसत नाही. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्रात काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं आणि मग भारतीय निघाले म्हणून परत आणावं लागलं. नीट सुनावणी झाली असती तर हे झालंच नसतं. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलमध्ये आलेल्या चकमा लोकांच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की घटनेच्या कलम २१ चं, म्हणजे जगण्याच्या हक्काचं, संरक्षण नागरिक नसलेल्यालाही आहे. २०२१ मध्ये मात्र जम्मूतल्या रोहिंग्यांना परत पाठवणं थांबवायला त्याच कोर्टाने नकार दिला.

न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये निर्वासितांसाठी एक नमुना कायदा तयार झाला होता, नंतर शशी थरूर यांनी लोकसभेत खासगी विधेयक आणलं, कुठल्याही सरकारने ते उचललं नाही. मला जे हवंय ते फार नाही. अर्ज घेणारा अधिकारी, दुभाष्यासमोर मुलाखत, ठरलेल्या मुदतीत निर्णय, एक अपील, आणि तोपर्यंत मुलांना शाळेत घालता येईल, काम करता येईल असं एक ओळखपत्र. ज्याचा अर्ज खरा नाही त्याला त्याच्या देशाशी नागरिकत्वाची खात्री करून रीतसर परत पाठवा, त्याला माझा पाठिंबा आहे. धर्म आणि तारीख यांच्या याद्या मात्र त्यातून काढा.