तुम्ही विचारलंत म्हणून : दिवसभर मोकळी असताना मी व्यायाम किती करते?

“काकू, आता तुम्हाला वेळच वेळ आहे. रोज किती तास व्यायाम करता?”

पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या वाटेवर, भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीत, भाच्याच्या फोनवर, हा प्रश्न मला सगळीकडे भेटतो. विचारणारे बहुतेक नुकतेच निवृत्त झालेले असतात, नाहीतर एक नोकरी सोडून दुसरी सुरू व्हायच्या आधी दोन-तीन महिने मोकळे असलेली मुलं. मी म्हणते, आठवड्यातले पाच दिवस, एका वेळी फार तर दीड तास. शुक्रवारी नुसतं चालणं आणि रविवारी सुट्टी. ऐकून त्यांचा चेहरा पडतो. इतका वेळ हाताशी असताना एवढंच? म्हणून एकदा नीट सांगते.

मी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा साठ पूर्ण झाली होती. पस्तीस वर्षं डबा, बस, काउंटर आणि संध्याकाळी हिशेब जुळेपर्यंत खुर्ची. व्यायाम म्हणजे जमलं तर शनिवारी पर्वतीची टेकडी. मनात मात्र एक गोष्ट पक्की होती. माझी आई बाथरूममध्ये पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, ती चालायलाही लागली, पण जमिनीवरून स्वतःच्या बळावर उठणं तिला शेवटपर्यंत पुन्हा जमलं नाही. देवापुढे बसायची तिची जागा रिकामी राहिली. ती खुर्चीवरून हात जोडायची. ते पाहताना मी ठरवलं होतं की वेळ मिळेल त्या दिवसापासून मी शरीराकडे बघणार, आणि ऐंशीव्या वर्षीही मांडी घालून जमिनीवर बसणार आणि उठणार.

वेळ मिळाला आणि मी तो सगळा ओतला. पहाटे साडेपाचला पर्वती, त्या १०३ पायऱ्या तीनदा. घरी येऊन चहा, आठला जिम. संध्याकाळी तळजाई. झोपायच्या आधी चोवीस सूर्यनमस्कार. हे रोज, सातही दिवस. पहिले तीन आठवडे मी हवेत होते. चौथ्या आठवड्यात रात्री तीनला जाग यायला लागली. अंथरुणातून उठायच्या आधी मी नाडी मोजते, ती ६४ ची ७३ वर गेली. जिना उतरताना डाव्या गुडघ्याच्या वाटीखाली कळ यायची. घरातल्यांवर विनाकारण आवाज चढायला लागला. आपण कमी पडतोय असं वाटून मी संध्याकाळचा फेरा आणखी लांबवला.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची. तिने गुडघा तपासला, माझा दिनक्रम लिहून घेतला आणि विचारलं, “यात सुट्टीचा वार कुठला?”

“सुट्टी कशाला? माझ्याकडे वेळ आहे की!”

“वेळ तुमच्याकडे आहे, काकू. गुडघ्याकडे नाहीये.”

त्यानंतर तिने जे समजावलं ते मला फार आधी कुणीतरी सांगायला हवं होतं. वजन उचलताना स्नायू वाढत नाही, तेव्हा तो थकतो आणि थोडा दुखावतो. त्याची नवी बांधणी व्यायामानंतर सुरू होते आणि साधारण एक ते दोन दिवस चालू राहते. त्या अवधीत तोच स्नायू पुन्हा पिळून काढला तर बांधकाम अर्धवट राहतं. दुसरं म्हणजे शरीराचे सगळे भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. दम लवकर सुधारतो. ताकदही पहिल्या काही आठवड्यांत वाढल्यासारखी वाटते, पण ती बरीचशी मेंदू आणि नसा स्नायूला कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायूला हाडाशी बांधणारे जे दोर असतात, ज्यांना टेंडन म्हणतात, त्यांना रक्तपुरवठा कमी आणि त्यांची तयारी सर्वांत सावकाश. त्यांना महिने लागतात. माझा दम तिसऱ्या आठवड्यात पर्वती तीनदा चढायला तयार झाला होता आणि गुडघ्याखालचा दोर अजून बँकेच्या खुर्चीतच होता.

तेव्हापासून मी एकच सांगते. मोकळा वेळ दिवसात ओतू नका, वर्षात पसरा. नोकरी करणाऱ्याला दिवस अपुरा पडतो. आपल्याला दिवस भरपूर आहे, पण शरीराची भरून यायची क्षमता आहे तेवढीच आहे, आणि साठीनंतर ती थोडी कमीच. वेळापत्रक तिच्या मापाने बेतायचं.

यावर दोन दाखले माझ्यासमोर नेहमी ठेवले जातात. एक, “पैलवान नाही का दोन्ही वेळा मेहनत करत?” करतात. आमचे थोरले काका तरुणपणी तालमीत जायचे आणि मी त्यांना लहानपणी वाड्यात रोज बघितलं आहे. पहाटे जोर-बैठका, हौद्यात लढत, संध्याकाळी पुन्हा मेहनत. पण मधल्या वेळात काय चालायचं? पोटभर खुराक आणि दुपारची गाढ झोप. त्या वेळी वाड्यात आम्हां मुलांना ओरडायची बंदी होती. वस्ताद मेहनतीइतकाच हिशेब खुराकाचा आणि आरामाचा ठेवायचे. आपण त्यातली मेहनत तेवढी उचलतो. शिवाय काका बाराव्या वर्षी तालमीत गेले होते. साठाव्या वर्षी नव्हे.

दुसरा दाखला अर्थातच लोकमान्यांचा. डेक्कन कॉलेजात पहिल्या वर्षी त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून शरीर कमावलं, ही गोष्ट पुण्यात प्रत्येकाने ऐकलेली असते. मला ती फार प्रिय आहे. पण तिच्यातला महत्त्वाचा शब्द ‘वर्ष’ आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलानेही त्या कामाला महिना नाही, अख्खं वर्ष दिलं.

आता माझा आठवडा. आधी सुट्टी लिहिली आणि तिच्याभोवती बाकीचं मांडलं. आमच्याकडे कालनिर्णयच्या चौकटीत दुधाचा हिशेब लिहायची पद्धत आहे. त्याच चौकटीत कोपऱ्यात मी एक अक्षर लिहिते. ‘व’ म्हणजे वजन, ‘ट’ म्हणजे टेकडी, ‘य’ म्हणजे योग, ‘चा’ म्हणजे नुसतं चालणं, रविवारी ‘सु’.

वजनाचे वार सोमवार आणि गुरुवार, म्हणजे मधे किमान दोन दिवस. माझा सगळ्यात जास्त जीव याच दोन दिवसांवर आहे, कारण आईचं न उठता येणं हे पायांच्या आणि कमरेच्या ताकदीचं दुखणं होतं. आमच्या वयाच्या बायका जिममध्ये जाऊन ट्रेडमिलवर चालतात आणि घरी येतात, ते बघून मला वाईट वाटतं. चालायला पुण्यात टेकड्या आहेत. पाळी गेल्यावर हाडं झपाट्याने विरळ होतात, आणि हाडाला भार हवा असतो. मी डंबेल छातीशी धरून बैठका मारते, डेडलिफ्ट करते, म्हणजे पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकून वजन उचलते, वजन पोटाकडे ओढते, खांद्यावरून वर ढकलते आणि शेवटी प्लँक, म्हणजे कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ तोलून धरणं. प्रत्येकाचे दोन-तीन सेट, एका सेटमध्ये आठ ते बारा वेळा. अजून दोनदा जमलं असतं असं वाटतं तिथे थांबते. आठवड्यात एकच गोष्ट वाढवते, एकतर वजन, नाहीतर एखादा सेट. सुरुवातीला बैठकीऐवजी खुर्चीवरून हात न लावता उठणं हाच माझा व्यायाम होता, आणि वजन शून्य.

मंगळवार आणि शनिवार टेकडी. तळजाई, कधी वेताळ टेकडी. वेग असा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. शनिवारी त्यातली दहा-पंधरा मिनिटं चढावर जरा दम लागेल अशी. बुधवारी योगाचा वर्ग. योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजी १९३७ साली पुण्यात शिकवायला आले आणि पुढे त्यांनी दोर, ठोकळे, पट्टे यांच्या आधाराने आसनं शिकवण्याची रीत घालून दिली, त्याचा उपयोग मला आता कळतो. आधार असला की न ताणता आसनात जास्त वेळ राहता येतं, आणि तसा निवांत वेळ नोकरीत असताना कुठे होता? तोलासाठी वेगळा वार नाही. दात घासताना एका पायावर उभी राहते, ओटा हाताशी ठेवून, रोज.

हे पुरेसं आहे का, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. वर आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, आणि पासष्टीनंतर तीन दिवस तोलाचा. ३०० मिनिटं सात दिवसांत वाटली तर दिवसाला पाऊण तासही होत नाही.

मग उरलेल्या मोकळ्या वेळाचं काय? तो वाया जात नाही, आणि इथेच आपण नोकरदारांपेक्षा खरे श्रीमंत आहोत. नोकरीतला माणूस जिममध्ये धावत येतो आणि अंग गरम न करताच वजनाला हात घालतो. मी बारा मिनिटं सावकाश अंग मोकळं करते. दोन सेटच्या मधे तो अर्धं मिनिट थांबतो, मी दोन-तीन मिनिटं बसते, त्यामुळे पुढचा सेट नीट होतो. उन्हाळ्यात मी सहालाच टेकडीवर जाऊन येते. पावसाळ्यात निसरडं असेल तर त्या दिवशी हट्ट करत नाही, दुपारी उघडीप बघून निघते.

आणि जेवण. साठीनंतर वजनाच्या दर किलोमागे एक ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत असं सांगतात. माझं वजन ५८ किलो, म्हणजे साधारण ६० ते ७० ग्रॅम. नुसते पोहे आणि चहा यावर ती भरत नाहीत. मटकी भिजवणं, मोड आणणं, दही लावणं याला वेळ लागतो आणि तो आता आहे. सकाळी पोह्यांबरोबर दोन उकडलेली अंडी खाते, त्यात बारा-एक ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

दुपारी वीस-पंचवीस मिनिटं वामकुक्षी. आपल्या शहराला यावरून बोलणारे बोलोत, मी तिला वेळापत्रकात व्यायामाच्या बरोबरीची जागा दिली आहे. आराम चार आठवडे चुकवला तेव्हा काय झालं ते वर लिहिलंच आहे. अर्ध्या तासाच्या वर मात्र झोपत नाही, रात्रीची झोप मोडते.

महिन्यातून एकदा सिंहगड, आतकरवाडीच्या वाटेने. त्याची गोष्ट वेगळी. चढताना दम जातो म्हणून लोक चढाला घाबरतात, पण पाय दुखवतो तो उतार. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असताना शरीराचा भार पेलून धरतो, आणि असं काम त्याला सर्वांत जास्त दुखावतं. म्हणून दुखणं त्या दिवशी नसतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिन्यावर कळतं. मी शनिवारी गड करते, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाते, काठी घेऊन सावकाश उतरते, आणि सोमवारच्या ‘व’ वर काट मारून तिथे ‘चा’ लिहिते. ती काट मारताना पूर्वी अपराधी वाटायचं. आता वाटत नाही.

भाच्याला मी थोडं वेगळं सांगितलं. तो अठ्ठावीसचा, नवी नोकरी सुरू व्हायला दहा आठवडे. त्याला चार दिवस वजन झेपेल, एक दिवस पायाचा आणि एक दिवस वरच्या अंगाचा असं आलटूनपालटून. पण मी त्याला विचारलं, नोकरी लागल्यावर यातलं काय राहणार आहे? तो म्हणाला, कदाचित तीन दिवस. मग त्या तीन दिवसांचे वार आणि वेळ आत्ताच पक्के कर म्हटलं, कामावरून आल्यावर सात वाजता जसं जाशील तसंच आत्ताही सातलाच जा. उरलेला चौथा दिवस पोहायला ने, वजन कसं उचलायचं ते ट्रेनरकडून शिकून घ्यायला ने. नीट उचलायला शिकण्यासाठी असे मोकळे आठवडे पुन्हा मिळत नाहीत. त्याला नोकरी लागून पाच महिने झाले. तीनातले अडीच दिवस टिकलेत, असं तो परवा म्हणाला. मला फार आनंद झाला.

माझी सकाळची नाडी आता ६१ आहे. गुडघा उतारावर कधीमधी आठवण देतो, तेव्हा आठवडाभर पर्वती बंद ठेवते. गेल्या दिवाळीपासून देवापुढून उठताना हात टेकावा लागत नाही. आईचा पाट तिथेच आहे, मी त्यावरच बसते.

उद्याच्या चौकटीत ‘ट’ आहे. सहाला तळजाईच्या फाटकापाशी असते. यायचं असेल तर या, पाण्याची बाटली आणा. गप्पा मारत चढू.