चार जुने जपानी गेम आणि त्यांच्या चार उड्या

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून जो 'व्हिडिओ गेम' खेळला जायचा, तो बहुतेक घरांत निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल असायचा. मूळ यंत्र जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आलं. आपल्यापर्यंत पोचली ती त्याची स्वस्तातली भावंडं, '९९९९ इन १' छापलेल्या कॅसेटसकट. त्या कॅसेटमध्ये खरे गेम मोजकेच. बाकी सगळी त्यांचीच उजळणी, कुठे तिसऱ्या लेव्हलपासून सुरुवात, कुठे चांगली बंदूक आधीच हातात.

त्या यंत्रावर हात बसलेल्याने आज मूळ वेगातला सुपर मारियो लावला, की मारियो हातातून निसटल्यासारखा पळतो. यात वयाचा दोष नाही. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रं दाखवणारे, जपानचे ६०. आणि या गेम्सचा सगळा हिशेब 'एका चित्रामागे एक पाऊल' असा आहे. पळणारा मारियो दर चित्राला अडीच पिक्सेल सरकतो. म्हणजे जपानमध्ये सेकंदाला १५० पिक्सेल, आणि पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकलेवर तोच गेम लावला तर १२५. गाण्याची लयही चित्रांवरच चालते, म्हणून तीही सहाव्या हिश्शाने मंदावते. सूर मात्र प्रोसेसरच्या वेगावर ठरतात, आणि तो वेग नकलांमध्ये मुळाच्या जवळपास ठेवलेला असे. त्यामुळे चाल रेंगाळायची, पण गाणं बेसूर व्हायचं नाही. फरक कोणाच्या लक्षातच आला नाही, तो यामुळे.

सुपर मारियो, कॉन्ट्रा, मेगा मॅन २ आणि कॅसलव्हेनिया हे चार गेम पुन्हा खेळताना एक गोष्ट वारंवार जाणवते. प्रत्येकाचा अवघडपणा उडी कशी बांधली आहे यातून येतो. एका गेमच्या उडीची सवय घेऊन दुसऱ्यात शिरलं की मरण ठरलेलं.

आधी खेळायची सोय बघू. कॉन्ट्रा आणि कॅसलव्हेनिया यांचे 'अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन' २०१९ मध्ये आले, 'मेगा मॅन लेगसी कलेक्शन' २०१५ मध्ये. तिन्ही स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात मिळतात. मारियो पीसीवर अधिकृतपणे नाही. तो निन्टेन्डो स्विचच्या ऑनलाइन सदस्यत्वात आहे. टीव्हीवर खेळणार असाल तर सेटिंगमध्ये 'गेम मोड' आधी चालू करा. चित्र गुळगुळीत करायच्या नादात टीव्ही ते काही क्षण अडवून ठेवतो, आणि या गेम्सना तेवढा उशीरही झेपत नाही. चित्राचं प्रमाण ४:३ ठेवा. १६:९ ला ताणलं की उडीची लांबी डोळ्याला एक दिसते आणि बोटाला दुसरीच लागते.

रेट्रोआर्च या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रामवर खेळणाऱ्यांनी 'रन-अहेड', म्हणजे बटण दाबल्यापासून पात्र हलेपर्यंतचा उशीर कापणारी सोय, आंधळेपणाने लावू नये. कीबोर्डवर पी दाबून गेम थांबवा, उडीचं बटण दाबून धरा, आणि के दाबत एकेक चित्र पुढे सरका. कितव्या चित्राला पात्र हललं ते मोजा. रन-अहेडचा आकडा त्याहून एकाने कमी ठेवा. जास्त ठेवलात तर हालचालीतली चित्रं गाळली जातात आणि पात्र धक्के खात पुढे जातं. कंट्रोलरच्या काडीवर (अ‍ॅनालॉग स्टिकवर) खेळण्यापेक्षा अधिक-चिन्हाच्या आकाराचं दिशेचं बटण केव्हाही बरं. काडी थोडी तिरकी गेली तरी 'वर' लागतं, आणि त्याची शिक्षा कॅसलव्हेनियात लगेच मिळते.

आता मारियो. सप्टेंबर १९८५, सगळा गेम ४० किलोबाइटमध्ये. इतकी काटकसर, की ढग आणि झुडूप एकाच चित्राचे, फक्त रंग निराळा. पण उडीवर मात्र हात आखडता घेतलेला नाही. ए हे उडीचं बटण दाबून धरलंत तोवर गुरुत्वाकर्षण सौम्य; सोडलंत की ते एकदम तिपटीहून जास्त होतं. म्हणून हलकं टिचकवलं तर टुणकन छोटी उडी, धरून ठेवलं तर पूर्ण. उभ्याने पूर्ण उडी ४ ठोकळे उंच जाते, पळत मारली तर ५. एक ठोकळा १६ पिक्सेलचा. त्यातली मेख अशी, की चालत मारलेल्या उडीत हवेत बी हे पळायचं बटण दाबून वेग वाढत नाही. रुंद खड्ड्यात पडणारे बहुतेक जण इथेच चुकतात: काठाशी येऊन बिचकतात, बी सोडतात, मग उडी मारता मारता पुन्हा दाबतात. वेग जमिनीवरच कमवावा लागतो. काठ जवळ आला की बीवरचा अंगठा हलवायचा नाही, अंगठ्याचं टोक बीवर ठेवून त्याच अंगठ्याचा मधला भाग एवर टेकवायचा. ही पकड जमली की निम्मा गेम जमला.

१-१ च्या, म्हणजे पहिल्या वर्ल्डच्या पहिल्या लेव्हलच्या, शेवटी पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत, त्या निवांत बघाव्यात. पहिल्या जोडीच्या मध्ये जमीन, दुसरीच्या मध्ये खड्डा. पहिली चुकली तर काही बिघडत नाही, दुसरी चुकली तर एक लाइफ. शब्दही न वापरता इतकं नीट शिकवणं नंतरच्या गेम्सना क्वचित साधलं, असं माझं मत.

गेम ओव्हर झाल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ए धरून स्टार्ट दाबा. ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच्या पहिल्या लेव्हलपासून सुरू होतं. ३-१ च्या पायऱ्यांवर कासवाच्या कवचावर उड्या मारत लाइफ गोळा करता येतात, पण हाव नको. १२७ च्या पुढे गेलात तर आकडा उलटून ऋण होतो आणि पुढचं मरण थेट गेम ओव्हर.

कॉन्ट्रा हा आपल्याकडे मारियोइतकाच घराघरांत पोचलेला. कोनामीचा, आर्केडवर १९८७, घरच्या यंत्रावर १९८८. जपानी आवृत्तीत जादा चिप आहे, म्हणून पहिल्या जंगलात झाडांची पानं हलतात. अमेरिकन आवृत्तीत ती गोठलेली. इथली उडी नेहमी एकाच उंचीची. बटण कितीही वेळ धरा, फरक शून्य. पण हवेत दिशा बदलता येते आणि शरीराचा गोळा होतो, म्हणजे गोळी लागायला जागाही कमी. त्यामुळे जमिनीवर उभं राहून विचार करण्यापेक्षा उडीत असणं सुरक्षित. खाली आणि ए एकत्र दाबलं की फळीतून खालच्या मजल्यावर उतरतो, हे विसरलं की घोळ. गोळी टाळायला आडवं पडलात आणि त्याच वेळी घाबरून ए दाबलंत, की थेट खाली.

धबधब्याच्या लेव्हलला दोघांनी खेळताना पुढच्याने घाई करू नये. पडदा वर सरकला की मागे राहिलेला जोडीदार खालच्या काठाला मरतो. या जागेवरून किती भांडणं झाली असतील ते देव जाणे. 'एस' अक्षराची, गोळ्या पसरवणारी बंदूक हातात असेल तर एकावेळी ५ गोळ्या पसरतात, पण पडद्यावर एकूण १० च मावतात. बटण धडाधड बडवून उपयोग नाही. शत्रूच्या जवळ जाऊन मारलं की गोळ्या लवकर लागतात, लवकर संपतात, आणि पुढची फैर लवकर निघते. ३० लाइफचा कोड (वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, स्टार्ट) कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी आधी ग्रॅडियस या विमानाच्या गेमसाठी रचला होता, १९८६ मध्ये. स्वतःला तपासायलाच तो गेम झेपेना म्हणून. कोड वापरण्यात कमीपणा मानू नये.

रॉकमन २, जपानबाहेर मेगा मॅन २, कॅपकॉमचा, डिसेंबर १९८८. चौघांत सर्वांत आज्ञाधारक उडी हिची. उंची बटणावर, दिशा हवेतही आपल्या हातात, आणि दिशेचं बटण सोडलं की तो जागच्या जागी थांबतो, घसरणं नाही. मारियोतून आलेला माणूस इथे कमी पडतो, कारण तो घसरण्याचा हिशेब धरून आधीच बटण सोडतो.

आठ बॉस, म्हणजे लेव्हलच्या शेवटचे बडे शत्रू, कोणत्याही क्रमाने घेता येतात, पण क्रम चुकला तर हाल. मेटल मॅन आधी घ्या. त्याला हरवल्यावर मिळणारी त्याची चक्री आठही दिशांना फेकता येते आणि शक्ती जवळपास खात नाही. गेममधलं सर्वांत उपयोगी हत्यार हेच. एअर मॅन हीट मॅनच्या आधी संपवा, कारण त्याच्यानंतर आयटम-२ हे उडतं पाट मिळतं आणि हीट मॅनच्या लेव्हलमधले दिसेनासे होणारे ठोकळे सरळ ओलांडता येतात. फ्लॅश मॅनचं काळ थांबवणारं हत्यार एकदा सुरू केलं की शक्ती संपेपर्यंत थांबत नाही. ते क्विक मॅनच्या जीवघेण्या किरणांवर वापरायचं, की खुद्द क्विक मॅनवर, जिथे ते त्याची निम्मी ताकद खातं? किरण पाठ करावेत आणि हत्यार बॉससाठी ठेवावं, असं मी म्हणेन. किरणांचा क्रम दर वेळी तोच. खाली पडताना कुठे सरकायचं एवढंच लक्षात ठेवायचं.

एक जागा मात्र सरळ वाईट आहे. आठ बॉसनंतर येणाऱ्या खलनायक वायलीच्या किल्ल्यातल्या चौथ्या लेव्हलचा बॉस म्हणजे भिंतीवरच्या ५ तोफा आणि आडव्या येणाऱ्या भिंती, दोन्हींवर फक्त क्रॅश बॉम्ब चालतो, आणि हत्याराच्या शक्तीच्या भरलेल्या टाकीत बॉम्ब ७ च. एक चुकला की गणित मोडलं. त्यात मेलात तर टाकी भरून मिळत नाही. तेव्हा उरलेली लाइफ मुद्दाम घालवून गेम ओव्हर करा आणि कंटिन्यू घ्या, टाकी भरलेली मिळते. इतक्या देखण्या गेममध्ये हे गाठोडं कोणी ठेवलं कोण जाणे. इम्युलेटरमध्ये (रेट्रोआर्चसारख्या, जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) प्रोसेसरचा वेग वाढवायची सोय असते, तीही इथे लावू नका. गर्दी झाली की गेम मंदावतो, आणि ती मंदी खेळणाऱ्याच्या बाजूची आहे.

कॅसलव्हेनिया, कोनामीचाच, सप्टेंबर १९८६. इथली उडी म्हणजे शब्द दिल्यासारखी. पाय सुटले की उंचीही ठरलेली, लांबीही ठरलेली, हवेत मागे फिरणं नाही. काठावरून नुसतं चालत उतरलात तर दगडासारखा सरळ खाली. चाबूक आधी मागे जातो आणि मग पुढे येतो, म्हणजे शत्रू अंगाशी येण्याआधीच बटण दाबायला हवं. मार बसला की माणूस मागे उडतो, आणि मागे बहुतेक वेळा खड्डा असतो. पायऱ्यांवर असताना मात्र हा धक्का बसत नाही, म्हणून कठीण जागी मार खायचाच असेल तर पायऱ्यांवर खावा. पायऱ्यांवर उडी मारता येत नाही, हे मात्र त्याचं मोल. दुय्यम हत्यार वर आणि बी दाबून सुटतं. पायऱ्यांच्या पायथ्याशी वर दाबलं की तो चढायला लागतो. काडीवर खेळणाऱ्यांना मिळणारी शिक्षा ती हीच.

मेणबत्त्या फोडून मिळणारी बदामं ताकद वाढवत नाहीत, ती दुय्यम हत्यारांची गोळाबारूद आहे. ताकदीची घरं १६. सुरुवातीला एका माराला २ जातात, शेवटच्या टप्प्यांत ४. म्हणजे चार मार आणि खेळ खलास.

हे सगळं एकत्र कसोटीला लागतं ते पाचव्या भागाच्या शेवटी, यमाच्या दालनाआधीच्या लांब वऱ्हांड्यात. समोर कुऱ्हाड फेकणारे चिलखती शिपाई, आणि हवेतून लाटेसारखी वरखाली होत येणारी मेडुसाची मुंडकी. दोन्हींना एकदम उत्तर देता येत नाही. शिपायाची कुऱ्हाड कधी वरून येते, कधी पायाशी. वरची आली तर बसायचं, खालची आली तर उडी. आणि उडी मारली की मुंडकं नेमकं तुमच्या कमानीत येतं. उपाय एकच, होली वॉटर, म्हणजे फुटली की जाळ करणारी पवित्र पाण्याची बाटली. ते आधीच्या लेव्हलपासून जपून आणा. वाटेतल्या मेणबत्तीतून पडलेलं दुसरं हत्यार चुकून उचललंत तर ते गेलं. शक्य तर एकावेळी तीन बाटल्या फेकू देणारी पाटीही मिळवा. शिपायाच्या पायाशी बाटली फोडली की तो जाळात जागीच खिळतो. तेवढ्यात चाबूक चालवायचा आणि मुंडकं आलं तर ते बसून जाऊ द्यायचं. पुढे पाऊल टाकायचं ते दोन मुंडक्यांच्या मधल्या फटीत, पळून जायच्या बेताने नाही.

दारातून आत गेल्यावर यम पडद्यावर साकार होतो त्याच जागी लगेच बाटल्या फोडायला लागा. पहिली नीट बसली तर तो जाळात अडकून राहतो, त्याला विळे सोडायला सवड मिळत नाही. पहिली चुकली तर विळे चारी बाजूंनी सुटतात आणि हातात चाबूक तेवढा उरतो. मेलात तर चाबूकही पुन्हा आखूड, बाटली गेलेली, आणि वऱ्हांडा पहिल्यापासून. कंटिन्यू कितीही वेळा घेता येतं, एवढी मेहेरबानी त्यांनी ठेवली आहे.