मागे मोजलेले दिवस

रविवार, रात्री साडेनऊ

कुंडी परत गॅलरीत आपल्या जागी आली. बक्षीस नाही मिळालं. आल्याआल्या चहा टाकला, कोमट पाण्यात पाय बुडवून बसले आणि आता वही उघडली आहे, कारण आज जे कळलं ते उद्या कामाच्या गडबडीत विरून जाईल.

पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन २६ जानेवारीच्या आगेमागे असतं. आमच्या घरी तो वर्षाचा ठरलेला फेरा. लहानपणी बाबा न्यायचे. मला घाई असायची भेळेची आणि झोपाळ्याची, आणि बाबा गुलाबांच्या टेबलापाशी हात पाठीमागे बांधून उभे. एकेका फुलाकडे किती वेळ बघायचे! त्यांच्या गच्चीवरच्या गुलाबांत एक पांढरा 'डॉ. होमी भाभा' होता. तो वाण डॉ. बी. पी. पाल यांचा, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगत. गव्हाला तांबेऱ्यापासून वाचवणारे वाण ज्यांनी काढले, त्याच माणसाने हा गुलाबही केला, याचं बाबांना फार अप्रूप होतं.

यंदा मी पहिल्यांदा भाग घेतला. वरच्या मजल्यावरच्या काकू मागेच लागल्या होत्या. "अगं, एवढं निगुतीनं करतेस, ने की एक कुंडी!" म्हणून शुक्रवारी सकाळी रिक्षात मांडीवर घेऊन पांढऱ्या पिटुनियाची कुंडी नेऊन ठेवली. आज शेवटचा दिवस. प्रदर्शन बघायचं आणि संध्याकाळी आपली कुंडी घेऊन यायचं.

आत शिरल्यावर आधी गारवा लागतो. मोठमोठी जुनी झाडं, त्यांच्यावर चढलेल्या मनगटाएवढ्या वेली आणि खाली ओलसर सावली. ३९ एकरांची ही बाग चालवणारी संस्था १८३० सालची आहे. राणी व्हिक्टोरिया १८७७ मध्ये हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, त्यावरून 'एम्प्रेस' हे नाव. नाव राणीचं असलं तरी मला ती बाग कायम माळ्यांची वाटत आली आहे. सकाळी आठला झारी घेऊन वाफ्यांतून फिरणारे, फुलाला पाण्याचा थेंबही लागू न देता बुडाशी पाणी घालणारे ते हात बघत बसावंसं वाटतं.

कुंड्यांच्या रांगेत माझी कुंडी सापडली आणि तिच्या शेजारची कुंडी बघितल्यावर काही विचारायची गरजच उरली नाही. तीही पिटुनियाच, जांभळी. पण अशी भरलेली की माती दिसत नव्हती. काठापासून काठापर्यंत एकसारखा घुमट, जणू टोपली उपडी घातलेली. माझ्या कुंडीत फुलं होती, तजेलदार होती, पण लांब लांब दांड्यांच्या टोकांना. मधे पोकळी, आणि खिडकीकडची बाजू दाट, भिंतीकडची विरळ.

ज्यांची ती कुंडी होती ते काका तिथेच होते. सत्तरीचे असतील. वाळलेली फुलं चिमटीने काढून खिशात टाकत होते. मी विचारलं तेव्हा त्यांनी आधी माझी कुंडी दोन्ही हातांनी धरून सावकाश एक पूर्ण फेरा फिरवली.

"ताई, शेंडा कधी खुडलात?"

"डिसेंबरात. आधी मन होईना. कळी दिसायला लागली होती."

"तिथेच. सहा पानांवर असताना खुडायचा. कळी असली तरी. आणि कुंडी दर दोन दिवसांनी पाव फेरा फिरवायची, म्हणजे झाड उन्हाकडे झुकत नाही."

एवढंच बोलले. पण मला ऑक्टोबरची ती संध्याकाळ आठवली. पिटुनियाचं बी म्हणजे निव्वळ धूळ. बारीक वाळूत कालवून पसरायचं, वर माती टाकायची नाही, कारण त्याला रुजायला उजेड लागतो. तसंच केलं होतं, खालून पाणी दिलं होतं. नोव्हेंबरात रोपं बोटभर झाली, पानं चिकट चिकट. पिटुनिया तंबाखूच्या, वांग्या-टोमॅटोच्या घराण्यातली, तो चिकटपणा तिकडचाच. आणि मग ती पहिली कळी आली, हिरवी, पीळ दिलेली, आणि माझा हात थांबला. त्या एका कळीपायी शेंडा राहिला. शेंडा राहिला की झाड सरळ वर जातं, बगलेतले फुटवे झोपून राहतात. आज परीक्षकांना दिसलं ते नोव्हेंबरातलं माझं थांबणं.

गुलाबांच्या टेबलापाशी मी बाबांसारखीच उभी राहिले. बाटल्यांत एकेक दांडी, लांब, सरळ. फूल अर्धं ते पाऊण उमललेलं, मधला भाग उंच आणि घट्ट, बाहेरच्या पाकळ्या कडेला किंचित मुडपलेल्या. एका गर्द लाल फुलाच्या पाकळीवर लव असल्यासारखी छटा होती. मखमल हा शब्द सगळे वापरतात, पण जवळून बघितलं तर ती मखमल नाही, पिकलेल्या जांभळावर जशी धुरकट झाक असते तसं काहीतरी. एक मावशी फुलाजवळ नाक नेत होत्या, वास नाही म्हणून हळहळत होत्या. खरंय. दांडी, आकार, टिकाऊपणा यांच्या मागे लागताना कितीतरी वाणांतून वास निसटलाय. मलाही त्याचं वाईट वाटतं, आणि एखाद्या वर्षी फक्त वासासाठी वेगळं बक्षीस असावं असं मनापासून वाटतं.

तिथल्या एका बाईंकडून कळलं की प्रदर्शनाची तारीख कळली की त्या कॅलेंडर घेऊन मागे मोजत जातात. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवस. म्हणजे मोठी छाटणी ऑक्टोबरात झाली तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा हलका हात फिरवायचा. थंडी जास्त पडली तर फूल लांबतं, ढगाळ हवा आली तर वेगळाच हिशेब. शिवाय मधली कळी ठेवून शेजारच्या बारीक असतानाच काढायच्या. बाबा हे सगळं करायचे. मी त्यांच्या हातात कात्री द्यायचे, आणि कळ्या का खुडता म्हणून रुसायचे. तेव्हा त्यांनी समजावलं असणारच. माझ्या लक्षात फक्त रुसणं राहिलं.

बोन्साय भरभर बघितले. तारांनी वळवलेल्या फांद्या मला फार वेळ बघवत नाहीत, पण ताटलीएवढ्या भांड्यातल्या एका वडाला पारंब्या सुटल्या होत्या, तिथे मात्र पाय थांबला. निवडुंगांत ते लाल गोळे होते, हिरव्या खुंटावर कलम केलेले. त्यांच्यात हिरवं द्रव्यच नाही, खुंट नसेल तर ते जगू शकत नाहीत. काकूंनी अडेनियम घेतलं, बुंधा गलेलठ्ठ असलेलं, आणि विकणाऱ्याकडून शेंगा दोऱ्याने का बांधायच्या ते नीट समजून घेतलं. शेंग उकलली की आतलं बी आपल्या केसाळ पिसाऱ्यासकट वाऱ्यावर जातं, म्हणून. मी काही घेतलं नाही. दोन किलो निंबोळी पेंड घेतली, बस.

परतताना काकू म्हणाल्या, "वसंत आला गं." वसंत पंचमी झाली आहे, म्हणायला हरकत नाही. पण आत टेबलांवर जे होतं ते सगळं थंडीचं पीक. पॅन्सी, डायँथस, डॉग फ्लॉवर, ही सगळी मार्चचं ऊन लागलं की माना टाकतात. पुण्याचा वसंत झाडांवर येतो. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा एका कंपाउंडमधली काटेसावर दिसली, एकही पान नाही, टोकाच्या फांदीवर दोनच लाल फुलं आणि त्यांच्यावर भांडणाऱ्या साळुंक्या. पुढच्या गल्लीत आंब्याचा मोहोर, त्याचा तो किंचित आंबूस-गोड वास रिक्षात शिरला. त्या झाडांचा दिवस कुणी मोजून दिलेला नाही.

घरी आल्यावर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं: ऑक्टोबरचा पहिला आठवडा, बी. नोव्हेंबर मध्य, सहा पानं, शेंडा, कळी असली तरी. दोन दिवसांनी पाव फेरा. खाली बाबांचं नाव लिहिलं, का ते माहीत नाही.

मग कात्री घेतली आणि पिटुनियाच्या सगळ्या लांब दांड्या निम्म्यावर आणल्या. फुलांसकट. थंडी अजून तीन-चार आठवडे टिकली तर नवे फुटवे येतील. कापलेली फुलं टाकवेनात, म्हणून स्टीलच्या वाटीत पाणी घालून इथे वहीशेजारी ठेवली आहेत. ही पांढरी फुलं दिवसभर बिनवासाची असतात. आता दिवा बारीक केलाय आणि खोलीत वास येतोय, मंद, थोडासा लवंगेसारखा. उठून काकूंना खाली बोलावू का, असा विचार चाललाय. दहा वाजायला आले, पण त्या जाग्या असतील.