पुढचं पुस्तक कोणतं?

मनापासून आवडलेलं पुस्तक संपलं की काही दिवस दुसऱ्या कशात मन लागत नाही. हातात घ्यावं, चार पानं चाळावीत, ठेवून द्यावं. यातून बाहेर कसं पडायचं, हे मला आपल्या शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी शिकवलं.

‘तुला कसली पुस्तकं आवडतात?’ असं बाई कधीच विचारायच्या नाहीत. त्यावर मुलं ठरलेली उत्तरं देतात. त्या विचारायच्या, ‘यातला कोणता भाग पुन्हा वाचलास?’ एका समुद्रसफरीबद्दल मी सांगितलं, की जहाजावर गोडं पाणी पुरवून पुरवून वापरत, तो भाग. आता दुसरी समुद्रसफर मिळणार असं वाटलं होतं. बाईंनी काढून दिलं ते ध्रुवप्रदेशातल्या मोहिमेचं पुस्तक. जहाज सुरुवातीलाच मागे पडलं, पण माणसं शिधा मोजून दिवस काढत होती. मी ते संपेपर्यंत खाली ठेवलं नाही. आपल्याला कधी माणूस धरून ठेवतो, कधी गोष्टीचा वेग, कधी नुसती सांगण्याची ढब. ते नेमकं ओळखता आलं की निम्मा शोध संपतो.

आपल्या ग्रंथालयातली कपाटं उघडी असत, हे मोठं भाग्य. मेल्विल ड्युई यांच्या १८७६ सालच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे विषयाप्रमाणे क्रमांक देऊन पुस्तकं लावण्याच्या पद्धतीत, प्रवासवर्णनं ९१० मध्ये, तर चरित्रं ९२० मध्ये येतात. त्यामुळे प्रवासवर्णन काढायला गेलेला हात सहज एखाद्या प्रवाशाच्या चरित्रावर पडे. संगणकावर नाव टाकून शोधलं की हवं ते पुस्तक मिळतं, पण त्याचा शेजार दिसत नाही.

पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली परतीच्या तारखांची पट्टीही बाईंनी वाचायला शिकवली. एकाखाली एक दाटीने उमटलेले शिक्के आणि मग एकदम काही वर्षं कोरी, असं दिसलं की पुस्तक जरूर घ्यावं. कधीकाळी मुलांनी ते आवडीने वाचलेलं असतं. नंतर कुणीतरी ते मागच्या रांगेत सरकवलेलं असतं. याहून सोपी जागा म्हणजे नुकत्याच परत आलेल्या पुस्तकांचा ढीग. अजून कपाटात न गेलेली ती पुस्तकं वाचून झाल्यावर मुलं तिथेच एकमेकांना सांगत बसत.

न रमलेलं पुस्तक अर्ध्यावर परत करायला बाईंची पूर्ण मोकळीक होती. ‘पुस्तक वाईट नाही, तू त्याचा वाचक नाहीस, एवढंच. आत्ता तरी नाहीस,’ असं म्हणून त्या ते जमा करून घेत. भारतीय ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची १९३१ सालची पाच सूत्रं पुढे वाचली. त्यातलं ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे सूत्र मला बाईंच्याच आवाजात ऐकू आलं.

शाळेच्या महोत्सवानिमित्त ग्रंथालयाची नवी मांडणी होणार असेल, तर एक विनंती आहे. परत आलेल्या पुस्तकांचं टेबल दाराजवळ, मुलांचा हात पोचेल असंच ठेवावं, आणि ती पुस्तकं कपाटात लावायची घाई करू नये.