काटोलकडच्या गावात तीन रात्री

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या वर्गातले 18 जण काटोल तालुक्यातल्या एका गावी तीन रात्री राहून आलो. मुक्काम शाळेत किंवा समाजमंदिरात नव्हता. तिघातिघांनी एकेका घरी राहायचं, घरचे जेवतील ते जेवायचं आणि ते जातील तिथे सोबत जायचं, असं ठरलं होतं. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

नागपूरहून काटोल साठेक किलोमीटर. गणेशपेठच्या बसस्थानकावरून एसटी मिळते, मुलींना अर्धं तिकीट. रेल्वेही आहे.

आमच्या हातून झालेली चूक आधी सांगते. पहिल्याच दुपारी आम्ही राहत होतो त्या घरच्या काकाजींनी बाग दाखवायला नेलं. आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी फुलणारं संत्र्याचं पीक) तोडीला आलेला, संत्र्यांच्या भारानं वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू. आमच्यातल्या दोघांनी चार-पाच फळं ओढून तोडली. राखणदार धावत आला. काकाजींचा चेहरा एकदम उतरला. "पोट्टेहो, बाग इकली न! फळ आता व्यापाऱ्याचं आहे." उभी बाग ठोक भावात विकली की झाडं शेतकऱ्याची राहतात आणि फळ व्यापाऱ्याचं होतं. जन्म नागपुरात गेला, तरी हे मला ठाऊक नव्हतं. शिवाय फळ ओढलं की देठाजवळची साल फाटते आणि असं एक संत्रं पेटीतल्या बाकीच्यांनाही सडवतं. आमच्यासाठी काकाजींना राखणदाराची माफी मागावी लागली, ते अजून टोचतं. तेव्हा बागेत शिरण्याआधी विचारा, बाग विकली का? आणि तोडायला सांगितलं तर कसं तोडायचं ते आधी पाहून घ्या.

कापूस वेचायला दव सुकल्यावरच जातात. आम्ही तिघींनी दुपारपर्यंत मिळून 11 किलो वेचला. शेजारच्या ओळीतल्या मावशींचा एकटीचा याहून जास्त भरला. सुकलेल्या बोंडाची टोकं नखाखाली घुसतात, सोबत पट्टी ठेवा. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट हवाच.

त्या आठवड्यात शेतातली लाईन, म्हणजे पंपाची वीज, रात्रीची होती. अकराला काकाजी ओलितासाठी निघाले, तेव्हा आम्ही दोघी सोबत गेलो. गार वारा, पायाखाली चिखल, हातात बॅटरी. मला विचाराल तर तिथली शेती त्या दोन तासांत सगळ्यात जास्त कळली. डिसेंबरात पारा 10 अंशांखाली जातो. स्वेटर, कानटोपी आणि बंद बूट विसरू नका.

तिसऱ्या दिवशी शेतात रोडगे झाले. जाडसर कणकेच्या छोट्या पुऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, वरून कणकेचंच आवरण द्यायचं आणि गोळा वळायचा. गोवऱ्यांचा जाळ आणि धूर पुरता बसू द्यायचा, मग गोळे निखाऱ्यात पुरायचे. आमची घाई पाहून काकू म्हणाल्या, "थांबा न बाई, धूर जाऊ द्या, नाहीतर कडू लागते." फडक्यानं राख झटकून रोडगा फोडला की आतले पदर सुटतात, त्यावर तूप. सोबत वरण आणि वांग्याची भाजी. काकूंनी "जा, सांबार तोडून आणा" म्हटल्यावर साताऱ्याची मैत्रीण गोंधळली. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

दुसऱ्या रात्री आम्ही बसवून नेलेले नाच स्पीकर लावून सादर केले. दिवसभर वेचणी करून आलेल्या बायका केवळ आमच्यासाठी जाग्या होत्या, हे मला नंतर कळलं. असा कार्यक्रम ठेवू नका. तिन्हीसांजेला गावात सामुदायिक प्रार्थना होते, नंतर तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं. तिथे मागे शांत बसा. भजनाला बोलावलं तर पुढे व्हा.

खर्च आधीच ठरवा. आम्ही माणशी रोज 300 रुपये दिले, घरच्या बाईच्या हातात. नळाला पाणी सकाळीच येतं, म्हणून आंघोळ एका बादलीत. मुलींनी पाळीचं सामान स्वतःचं न्यावं आणि कचरा बांधून नागपूरला परत आणावा.

"फोटो मोबाईलवर पाठवतो" एवढ्यावर भागवू नका. आमच्या घरच्या आजींकडे साधा फोन आहे. जानेवारीत आम्ही दोघी छापलेले फोटो घेऊन पुन्हा गेलो. चुलीसमोरचा स्वतःचा फोटो आजींनी पदरानं पुसला आणि देवघरापाशी ठेवला.